परसरामजींची परत आलेली झांज

परसरामजींकडे झांज करून घ्यायला गेलेल्या माणसाला आधी गाणं म्हणावं लागतं. तो गाणारा असो, नुसता वाजवणारा असो, की दुसऱ्या कोणाला भेट द्यायला झांज घेणारा असो, सुटका नाही. आसगावात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण बाहेरगावचा नवखा माणूस येतो, ओसरीवर टेकतो, पाणी पितो, दोन्ही हात पसरून "एवढी मोठी पाहिजे" असं माप दाखवतो, आणि परसरामजी म्हणतात, "ते राहू द्या. एक कडवं म्हना." माणूस हसतो. परसरामजी हसत नाहीत. मग माणूस घसा खाकरतो.

मागे एक निवृत्त तलाठी देवळाला झांज अर्पण करायची म्हणून आले होते. जन्मात कधी गायलेले नव्हते. पुष्कळ आढेवेढे घेऊन शेवटी त्यांनी उभं राहून राष्ट्रगीत म्हटलं, तेव्हा परसरामजींनाही हातातली सांडशी खाली ठेवून ताठ उभं राहावं लागलं. आणि बपेऱ्याचा भैय्यालाल, जो दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रांच्या, दिवसांत गावोगाव दंडारीच्या नाचगाण्यात झांज वाजवतो, तो तर भर सर्दीत आला होता. बपेरा जिल्ह्याच्या एका टोकाला, आसगाव दुसऱ्या. बसगाड्या बदलत बदलत आलेल्या त्या बिचाऱ्याचं एक कडवं परसरामजींनी डोळे मिटून ऐकलं, डोळे उघडले आणि म्हणाले, "हा तुया आवाज नाई होय, हे तुयं नाक हाय. सर्दी उतरली का येजो." भैय्यालाल मुकाट्यानं गेला, आणि सर्दी उतरल्यावर खरंच परत आला. यावरून परसरामजींचा माल कसा असेल ते समजून घ्यावं.

काम ते तरुणपणी भंडाऱ्याला शिकले, पितळी भांड्यांच्या कारखान्यात. पुढे घरोघरी स्टील आलं, कारखान्यातली माणसं कमी होत गेली, आणि परसरामजी ऐरण घेऊन गावी परतले. भांडी स्टीलची चालतात, झांज स्टीलची चालत नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. तांबं आणि कथील मुशीत वितळवून कांसं करायचं, त्याच्या दोन वड्या ओतायच्या, आणि त्या लाल असेपर्यंतच ठोकायच्या. काळ्या पडल्या की परत भट्टीत. कांसं थंड झाल्यावर जोरानं ठोकलं तर काचेसारखं तडकतं. लाली नीट दिसावी म्हणून ते भरदुपारी दारं-खिडक्या लावून अंधारात काम करतात. भाता गेला, त्याच्या जागी विजेचा पंखा आला, एवढाच काय तो फरक. एका जोडीच्या दोन्ही चकत्या एकाच मुशीतल्या असायला हव्यात, यावर मात्र ते अजून कोणाशीही भांडायला तयार असतात.

"झांज आवाजाच्या वर गेली का गानं गेलं, आन् खाली बसली का झांज गेली," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते सांगताना उजव्या हाताचं बोट वर जातं. पस्तीस वर्षांत एकही जोडी परत आलेली नाही, हे दुसरं वाक्य, आणि तेव्हा दोन बोटं वर जातात. ही दोन्ही वाक्यं त्यांच्या बायकोनं, पुष्पाबाईंनी, इतक्यांदा ऐकली आहेत की पाहुण्यासमोर परसरामजी अडखळले तर स्वयंपाकघरातून पुढचे शब्द येतात.

तेही चांगले खणखणीत येतात. सकाळी आठपासून दुपारी चारपर्यंत ज्या घरात ठणठण चालते, त्या घरात बोलायचं म्हणजे ठणठणीच्या वर बोलायचं. पुष्पाबाई "जेवाले चला" म्हणाल्या की शेजारच्या दोन घरची माणसं हात धुऊन बसतात. सिहोऱ्याला दिलेली त्यांची मुलगी रेणू आईचा फोन आला की तो कानापासून वीतभर लांब धरते. परसरामजींना यात काही वावगं वाटत नसे. बायकोचा आवाज असा आहे, हे त्यांनी लग्नानंतर आठवड्याभरात ठरवून टाकलं होतं, आणि एकदा ठरवलेली गोष्ट पुन्हा उघडून बघायची त्यांना सवय नव्हती.

आता गंमत अशी की ज्या माणसाच्या झांजा सगळ्या जिल्ह्यात वाजत होत्या, त्याची बायको भजनात बाजारातली पत्र्याची झांज वाजवायची. दर दिवाळीला परसरामजी म्हणायचे, "तुयी करतो ना, हे मोठी ऑर्डर संपू दे." ऑर्डर संपायची, दुसरी यायची. पुष्पाबाईंनी एकदोनदा आठवण दिली, मग सोडून दिलं. देवळातल्या बायका मागच्या रांगेत बसून साथ करणाऱ्या पुष्पाबाईंच्या हातातल्या पत्र्याकडे बघायच्या आणि गालात हसायच्या. पुष्पाबाईही हसायच्या. ते हसू घरी येईपर्यंत टिकायचं नाही, पण घरी ते बघायला ठणठणीतून डोकं वर काढणारं कोणी नव्हतं.

यंदा दसऱ्यानंतर मात्र प्रकरण चिघळलं. भजन मंडळाच्या प्रमुख आनंदाबाई सत्तरीच्या पुढे गेल्या आणि त्यांना दम लागू लागला. मंडईच्या दिवशी गावात बायकांच्या भजनांची स्पर्धा असते, आठ-दहा गावची मंडळं येतात. आनंदाबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "यंदा पुष्पा म्होरं बसंन आन् पुष्पाच गाईन." पुष्पाबाई घरी आल्या, कामाच्या खोलीचं दार उघडलं, उजेड आत आला म्हणून परसरामजी ओरडायच्या आधीच म्हणाल्या, "यंदा मी म्होरं बसून राहिली. तुमची झांज हातात असंन तर बसीन. पत्रा घेऊन लोकायसमोर बसनार नाई. नसंन होत तर आताच सांगा, आनंदाबाईले नाई म्हनून येतो."

परसरामजींनी हातोडा खाली ठेवला. चौतीस वर्षांत बायकोनं हट्ट धरून काही मागितल्याचं त्यांना आठवेना. "करतो ना," ते म्हणाले. "यावेळी खरंच करतो."

"मंग म्हनू का एक कडवं?" पुष्पाबाईंनी विचारलं. त्यांनी पदर सारखा केला होता आणि त्या थोड्या लाजल्याही होत्या.

"तुले कायले म्हनाव लागते?" परसरामजी हसले. "चौतीस वर्षं झाले तुया आवाज आयकून राहिलो. झोपेत बी वळखीन."

पुष्पाबाई मागे वळल्या. दार लावून निघून गेल्या. परसरामजींना वाटलं, खूश झाली.

त्यांनी भैय्यालालच्या दंडार मंडळाचं यंदाचं काम बाजूला ठेवलं आणि आठ दिवस जीव ओतून एक जोडी केली. लहान, जाड, कडेला घट्ट, आणि आवाज असा की एक टोला दिला तर तलावाच्या पारीवरचे, म्हणजे बांधावरचे, बगळे उडावेत. अशा आवाजाच्या बाईला अशीच झांज हवी, नाही तर ती ऐकू कशी येणार? शेवटी राखेनं आणि चिंचेनं घासून, नवी सुती दोरी ओवून, त्यांनी ती जोडी पुष्पाबाईंच्या हातात दिली. देताना त्यांची दोन बोटं आपोआप वर गेली होती.

दुपारी पुष्पाबाई ती जोडी घेऊन तलावाकाठच्या देवळात गेल्या. तासाभरानं परत आल्या. कामाच्या खोलीत येऊन त्यांनी जोडी ऐरणीवर ठेवली, अगदी हळू, आवाज होऊ न देता.

"काय झालं?"

"चांगली हाय. पन हे माई झांज नाई होय. दुसऱ्या कोनाची तरी असंन." आणि त्या भांडी घासायला गेल्या.

पस्तीस वर्षांत परत आलेली ही पहिली जोडी. परसरामजींनी त्या दिवशी देवळाच्या टिनाला दोष दिला, टिनाखाली आवाज फुटतो म्हणून. दुसऱ्या दिवशी दोरीला दिला. तिसऱ्या दिवशी पुष्पाबाईंच्या मनगटाला दोष द्यायचं त्यांच्या मनात आलं होतं, पण ते वेळेवर सावरले. आनंदाबाई वाटेत भेटल्या तेव्हा परसरामजींनी मोठ्या तोऱ्यात विचारलं, "झांजेत काय वाईट होतं?" आनंदाबाईंनी लुगड्याचा काठ तोंडाला लावून सांगितलं, "झांज लय झाक वाजली बाप्पा. बस, पुष्पा कोनालेच आयकू नाई आली." परसरामजींना वाटलं, म्हातारीचे कान गेले. पुष्पा आणि ऐकू येत नाही? शिवाय पुष्पाबाई मंडईबद्दल एक शब्द बोलत नव्हत्या. पत्र्याची झांज त्यांनी फडताळात वर टाकली होती, आणि मागच्या रांगेत तरी बसणार की नाही, हेही सांगत नव्हत्या. परसरामजींचं जेवणावरचं लक्ष उडालं.

चौथ्या दिवशी भैय्यालाल आपली झांज न्यायला आला. झांज झालेली नव्हती. का नाही, ते सांगता सांगता परसरामजींनी सगळंच सांगून टाकलं. भैय्यालालनं परत आलेली जोडी हातात घेऊन एकदा वाजवली आणि कानात बोट घातलं.

"वैनीनं कोन्तं भजन म्हनून दाखवलं होतं?"

"कोन्तंच नाई. घरच्या मानसाचा आवाज काय आयकाचा?"

भैय्यालाल खांबाला धरून हसला. "वा परसरामजी वा! मायं नाक वाहत होतं म्हून बपेऱ्याले वापस पाठवलं. तलाठ्याले उभं करून जनगनमन म्हनाले लावलं. आन् घरच्या बाईले इचारलं बी नाई? तुमी कधी आयकलं वैनीले गाताना?"

परसरामजी मनात वेळा जुळवू लागले. बायका दुपारी दोन ते तीन भजन करतात. दुपारी दोन ते तीन ते दारं लावून ठोकत असतात. चौतीस वर्षं. भैय्यालाल चहा पिऊन गेला तरी ते ओसरीवर बसूनच होते.

संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले. "रेनूची माय, एक कडवं म्हन ना."

"आता?" पुष्पाबाई परातीत कणीक मळत होत्या. "मले नाई येत असं तुमच्यासमोर. लाज वाटते." आणि त्यांनी खरंच तोंड फिरवलं. ज्या माणसानं शेकडो लोकांना गायला लावलं, त्याच्यावर घरात ही वेळ आली.

मग दुसऱ्या दिवशी आसगावात एक अघटित घडलं. पुष्पाबाई देवळात गेल्या आणि थोड्याच वेळात परसरामजींची ठणठण थांबली. किराणा दुकानदार बाहेर येऊन आकाशाकडे बघू लागला. शेजारचा माणूस झोपेतून दचकून उठला. परसरामजी मात्र चपला हातात घेऊन देवळाच्या मागच्या भिंतीला पाठ लावून उभे होते, चोरासारखे, या वयात.

आत एक बाई गात होती. गवळण घागर भरायला आली आणि पाण्यातलं आभाळ बघता बघता घागरच विसरली, असं काहीतरी भजन होतं. आवाज खालचा, भरलेला, सावकाश. शब्द कुठेही ढकलत नव्हती. एखादा शब्द खाली ठेवायची आणि मगच दुसरा उचलायची. परसरामजींचे डोळे सवयीनं मिटले. ही आनंदाबाई नव्हे, तिला दम लागतो. कोणाची तरी नवी सून असेल, की बाहेरगावची पाहुणी? हिला झांज करायची तर रुंद हवी, पातळ हवी, कडेकडे मऊ होत गेलेली, असा त्यांनी मनात हिशोबही लावला. असा आवाज आपल्या गावात आहे आणि आपल्याला ठाऊक नाही, याचं त्यांना वाईट वाटलं.

तेवढ्यात गाणं मध्येच थांबलं, आणि देवळातून तो आवाज आला जो त्यांनी झोपेतही ओळखला असता. "थांबा वो बायायनो! ठोकाचा आवाज काहून बंद हाय? कायी झालं तर नसंन ना मानसाले? मी पाहून येतो."

परसरामजींनी डोळे उघडले. गाणारी तीच होती. आणि हा दुसरा आवाज, ज्याला ते इतकी वर्षं पुष्पाचा आवाज म्हणत आले, तो त्यांच्याच हातोड्यानं घडवला होता. त्यांच्या कानावर काही घालायचं तर तिला एवढं वर चढावं लागत होतं. त्यांना लाज वाटली, फार वाटली. पण लाज वाटून घ्यायलाही वेळ नव्हता, कारण आत चपला शोधायची गडबड सुरू झाली होती. ते तसेच अनवाणी पारीवरून धावत सुटले, मागच्या दारानं घरात शिरले, आणि रिकाम्या ऐरणीवर त्यांनी दहा-बारा घाव घातले. मग थांबून कान दिला. कोणी आलं नाही. धाप टाकत त्यांनी आणखी चार घातले, तिनं निवांत गावं म्हणून.

त्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी ती परत आलेली जोडी पुष्पाबाईंच्या देखत मुशीत टाकली. "अवो, चांगली होती ते, कोनाले देली असती," पुष्पाबाई ओरडल्या. परसरामजी म्हणाले, "कोनाची नोहती ते." आणि पंखा लावला.

पातळ आणि रुंद झांज करणं हे जाड करण्यापेक्षा दुप्पट अवघड. पहिली चकती कडेला फाटली. ती वितळवली. दुसऱ्या खेपेला मधली फुगीर वाटी नीट बसली पण एक घाव उशिरा पडला, आणि बारीकशी रेघ उमटली. तीही वितळवली. मंडईला पाच दिवस राहिले, मग तीन. तिसऱ्या खेपेला दोन्ही चकत्या न तडकता उतरल्या, आणि मग बारीक हातोडीनं आवाज जुळवायचं काम आलं. इथे पंचाईत झाली. दर वेळी गिऱ्हाइकाचं कडवं त्यांच्या कानात पक्कं असे. यावेळी दीड कडवंच ऐकायला मिळालेलं. ते निसटू नये म्हणून त्यांनी ते स्वतःच म्हणायला सुरुवात केली.

परसरामजींनी आयुष्यात लोकांना गायला लावलं, पण स्वतः कधी गायले नव्हते, आणि ते का, हे आता भिंतींनाही समजलं. गवळण एकीकडे, घागर दुसरीकडे. एक ओळ म्हणायची, हातोडी हळूच टेकवायची, मान हलवायची, परत म्हणायची. दार उघडल्याचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

"हे भजन तुमाले कुठून मालूम?" पुष्पाबाई दारात उभ्या होत्या.

"आलं हवेतून."

"हवेतून," पुष्पाबाई म्हणाल्या. देवळामागच्या मातीत उमटलेली अनवाणी पावलं त्यांनी त्या दिवशी घरी येताना पाहिली होती, एका पायाचा अंगठा बाहेर वळलेला. असा अंगठा आसगावात एकच आहे. पण त्यांनी तो विषय काढला नाही. त्या आत आल्या, भट्टीच्या उजेडात उभ्या राहिल्या, आणि जमिनीकडे बघत त्यांनी ती ओळ एकदा म्हटली, तीच खालच्या आवाजात. "असं हाय ते," त्या म्हणाल्या. "तुमी लय वर नेऊन राहिले." आणि लगबगीनं निघून गेल्या. त्यानंतर परसरामजींनी त्या चकतीवर फक्त सात घाव घातले.

मंडईच्या दिवशी सकाळी त्यांनी जोडी दिली. बोटं वर गेली नाहीत. पुष्पाबाईंनी ती एकदा वाजवली, नाद पूर्ण विरेपर्यंत थांबल्या, आणि ती पदरात गुंडाळली. परसरामजींना विचारायचा धीर झाला नाही.

दुपारी शाळेच्या पटांगणात मांडव भरून गेला होता. पाळण्यांचे भोंगे, जिलेबीची कढई, बाहेर बैलगाड्यांपेक्षा मोटारसायकली जास्त. परसरामजी मांडवाच्या खांबाला टेकून उभे राहिले. झांज कुठे कमी पडते, कुठे चढते, ते ऐकून ठेवायचं आणि घरी जाऊन दुरुस्त करायचं, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. आसगावच्या बायका आल्या. पुष्पाबाई पुढे बसल्या, त्यांनी एकदा आनंदाबाईंकडे बघितलं आणि सुरू केलं. पाळण्यांचे भोंगे चालूच होते, पण मांडवातली कुजबुज हळूहळू बसत गेली. मागे उभ्या असलेल्या कोणी तरी विचारलं, "कोन होय हे बाई?" दुसरा म्हणाला, "झांजवाल्याची." परसरामजी गळ्यातला दुपट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे होते, आणि भजन संपल्यावर टाळ्या वाजवायचंही त्यांना सुचलं नाही.

आसगावच्या मंडळाचा दुसरा नंबर आला. पहिला नंबर नदीपलीकडच्या बायकांनी नेला, आणि परीक्षकाची सासुरवाडी त्याच गावची आहे, असं आनंदाबाई अजून सांगतात.

घरी परतताना दोघं पारीवरून चालत होते. लोकांनी पुष्पाबाईंना इतक्यांदा थांबवलं होतं की बरोबरच्या बाया पुढे निघून गेल्या होत्या. मांडव मागे पडला तशा पुष्पाबाईंनी पदरातली झांज दुसऱ्या हातात घेतली.

"काहो, झांज कशी वाजली?" त्यांनी विचारलं. ठोकाठोक नव्हती, त्यामुळे हळूच विचारलं.

परसरामजी थांबले. आठवायचा त्यांनी प्रामाणिक प्रयत्न केला. पहिल्या कडव्यात कशी होती, दुसऱ्यात चढली का, शेवटी नाद किती टिकला. काहीच आठवेना.

"खरं सांगू का," ते ओशाळून म्हणाले, "झांजेकडं ध्यानच नाई गेलं माया. तुलेच आयकत राहिलो."

पुष्पाबाई दोन पावलं पुढे गेल्या होत्या. त्या वळल्या नाहीत.

"मंग चांगलीच झाली म्हना," त्या म्हणाल्या.